पायानं लावायचा रेडिओ

गिऱ्हाईक रेडिओ कसा घेऊन येतं, यावरून अर्धा बिघाड मला दुकानाच्या पायरीवरच कळायचा. लग्नातल्या शालूत गुंडाळून आणला असेल, तर रेडिओला काहीही झालेलं नाही, घरातल्या कुणीतरी भलतीच खुंटी पिळली आहे. गोणपाटात आणला असेल, तर आत उंदरीण बाळंत झालेली असायची. आणि गिऱ्हाईक आधी रिकाम्या हातानं येऊन "मास्तर, रेडिओ घरी खोलला तं चालते का?" असं विचारू लागलं, की त्यानं तो खोललेला आहे आणि दोन-तीन स्क्रू उरलेले आहेत, हे समजावं.

मी मूळचा अमरावतीचा. जवाहर गेटाजवळ एका उस्तादांच्या हाताखाली काम शिकलो आणि पुढे अकोल्याला ताजनापेठेत दुकान टाकलं. दुकान म्हणजे एक टेबल, एक कथलाचा डाग देण्याची इस्त्री, आणि भिंतीला लागून छतापर्यंत भंगार. त्या भंगाराला मी 'माल' म्हणायचो. माझी बायको त्याला जो शब्द वापरायची, तो इथे लिहिण्यासारखा नाही.

त्या काळी रेडिओ म्हणजे घरातला मानकरी. पोस्टातून त्याचं लायसन काढावं लागे. त्याच्यावर क्रोशाचं झाकण असे. पाहुण्यांना आधी तो दाखवत, मग पाणी विचारत. आतून मात्र तो साधा प्राणी आहे. छपरावरच्या तारेवर जगातली सगळी स्टेशनं एकदम येऊन आदळत असतात. त्यातलं एकच आत घ्यायचं आणि बाकीच्यांना दाराबाहेर उभं करायचं, हे काम कंडेन्सर करतो. पत्र्याच्या पातळ पाकळ्यांचे दोन गठ्ठे, एक जागेवर, दुसरा त्याच्यात सरकणारा. तुम्ही खुंटी फिरवता तेव्हा त्या पाकळ्या सरकतात आणि काचेमागचा काटा चालतो. बाकी काचेच्या दिव्यांसारखे दिसणारे व्हॉल्व्ह म्हणजे आत आलेलं मोठ्यानं वाचून दाखवणारी मंडळी.

एवढं समजलं की रेडिओ समजला. पण लोकांना ते समजवून सांगण्यात माझं अर्धं आयुष्य गेलं. अंजनगाव सुर्जीच्या एका गृहस्थांना मी सांगितलं होतं, रेडिओची एक तार ओल्या जमिनीत गाडा आणि तिथं रोज पाणी घाला. महिन्यानं निरोप आला, आवाज बसला. जाऊन पाहतो, तर तार तुळशीच्या कुंडीत. "रोज पानी पडते जी तिले, अजून का पायजे?" कुंडी उंच दगडी चौथऱ्यावर, जमिनीशी तिचा काही संबंध नाही. मी तार खाली विहिरीच्या थारोळ्याशी नेली, आवाज उघडला. पण घरच्या वहिनी माझ्यावर नाराजच राहिल्या. त्यांच्या मते सकाळची भजनं तुळशीतूनच जास्त गोड येत होती.

दुरुस्त्या मी उदंड केल्या. पण बापजन्मी कुणी केलं नव्हतं असं यंत्र एकच बनवलं, आणि त्याबद्दल लिहायलाच आज बसलो आहे.

साठ-एकसष्टचा सुमार असेल. दिवाळी होऊन गेली होती आणि कापसाच्या बंड्यांनी, म्हणजे बैलगाड्यांनी, रस्ते भरून वाहत होते. दुपारी एक बाई डोक्यावर रेडिओ घेऊन दुकानात आली. रेडिओ धुवट लुगड्यात बांधलेला. तिच्यामागे तिचा नवरा, गळ्यापासून खाली चादर पांघरलेली. मला वाटलं, हिवतापाचा माणूस आहे. रेडिओ लावून पाहिला, उत्तम वाजत होता. स्टेशन लावायची खुंटी तेवढी चिरली होती आणि तिच्या कडेनं सगळीकडे बारीक खोल चावे होते.

मला विनोद करायची खोड. मी म्हणालो, "बाई, रेडिओ कुठी ठेवता तुमी? तुमच्या घरचे उंदीर लय शौकीन दिसून राहिले."

दुकानात बसलेली दोन गिऱ्हाइकं हसली. बाई हसली नाही. मागून तो माणूस म्हणाला, "उंदीर नाई जी. मीच हावो तो."

त्यानं खांदा हलवला तशी चादर घसरली. दोन्ही हात कोपराखाली नव्हते.

त्या क्षणाची लाज मला अजून वाटते. मी उठून स्टूल पुढे केलं, चहा मागवला, आणि मग हळूहळू हकीकत कळली. त्याचं नाव सुकदेव तायडे, बायको शेवंताबाई. दोघंही अकोल्याच्या एका जिनात कामाला होती. जिनाचं नाव मुद्दाम लिहीत नाही. कापसातली सरकी काढून रुई वेगळी करणाऱ्या यंत्राला जिन म्हणतात, आणि आमच्याकडे ज्या कारखान्यात ती यंत्रं असतात, त्या सगळ्या कारखान्यालाही जिनच म्हणतात. दोन वर्षांपूर्वी सुकदेवभाऊंचा डावा हात यंत्रात ओढला गेला. तो सोडवायला त्यांनी उजवा घातला. भरपाई मिळाली त्यातून त्यांनी हा रेडिओ घेतला. जिनाच्या भिंतीला लागून कामगारांच्या खोल्या होत्या, त्यातली एक मालकांनी त्यांच्याकडे राहू दिली होती. शेवंताबाई अजून त्याच जिनात कापूस घालायला जायच्या.

"सकाळी मी यायले रेडिओ लावून देतो अन् कामावर जातो," शेवंताबाई म्हणाल्या. आमच्याकडच्या बाया 'जातो'च म्हणतात.

"मंग?"

"मंग नागपूरचं सकाळचं संपते," सुकदेवभाऊ म्हणाले. "स्टेशन गेलं का शूंऽऽ चालू होते. ते सुट्टी होयेलोक चालते, मास्तर. आजूबाजूचे सारे जिनात. बंद कोन करीन? दुपारचं स्टेशन लागते घंटा-दोन घंटे, का पुन्हा शूं. डोकं भनभनते. म्हनून दातानं धरून पाह्यली खुंटी."

"मंग लावूच नोका म्हनलं तं आयकत नाई," शेवंताबाई म्हणाल्या. "म्हन्ते, घर खायाले उठते."

मी बोलून गेलो, "सुकदेवभाऊ, हात न लावता स्टेशन लागन असा रेडिओ करून देतो तुमाले. माहा शब्द हाय."

चिरलेल्या खुंटीच्या जागी नवी बसवून त्यांचा रेडिओ त्यांना परत दिला. ती दोघं गेल्यावर दुकानातलं एक गिऱ्हाईक म्हणालं, "काहून बोल्ले बाप्पा एवढं? जमन का?" मलाही तोच प्रश्न पडला होता.

पहिला प्रयत्न अगदीच बाळबोध होता. शिलाई मशीनचं पायानं हलवायचं पेडल, दोरी आणि खुंटीला गुंडाळी. स्वतः खुर्चीवर बसून पायानं स्टेशन लावायला गेलो. स्टेशन लावणं हे केसभराचं काम असतं. बोटाला ते कळतं, पायाला कळत नाही. काटा एकदा सिलोनच्या अलीकडे थांबे, एकदा पलीकडे, आणि मधे नुसत्या शिट्ट्या. तासाभरानं माझ्या पोटरीत गोळा आला. तेव्हा लक्षात आलं, माणसानं काटा थांबवायचाच नाही. काट्यानं स्वतः शोधत जायचं, आणि स्टेशन सापडलं की स्वतःच थांबायचं. माणसानं फक्त "पुढे चल" म्हणायचं.

परदेशी भारी मोटारीत असले रेडिओ असतात, असं मी एका जुन्या मासिकात वाचलं होतं. पण आमच्या भागात तसली मोटार नव्हती आणि मासिकातलं चित्र नखाएवढं. शिवाय नवीन काही विकत घ्यायचं नाही, असा माझा माझ्यावरच दंडक होता. तायडे नवरा-बायकोकडून काही घ्यायचं नव्हतं, आणि माझ्या घरी दोन मुलींची दुखणी चालू होती. म्हणजे जे करायचं ते 'माला'तून.

काटा फिरवायला विजेची मोटार मिळाली, एका मोडलेल्या ट्रकाच्या वायपरची. काचेवरचं पाणी पुसणारा तो दांडा इकडून तिकडे, तिकडून इकडे जातो. कंडेन्सरलाही तेवढंच हवं असतं, अर्धा फेरा जा, अर्धा फेरा ये. त्याचा वेग फार होता, तो मधे दोन लहान-मोठी चाकं आणि दोरी घालून इतका उतरवला, की काटा पट्टीच्या या टोकाकडून त्या टोकाला आरामात पान खात जाई. लांबच्या स्टेशनांचा, म्हणजे शॉर्टवेव्हचा, पट्टा संपला की दांडा एका खिटीला टेकायचा आणि जवळचं, मीडियमवेव्हवरचं नागपूर लागायचं. थांबवायचं काम दिलं टेलिफोनच्या भंगारातून आलेल्या एका रिलेला. रिले म्हणजे विजेनं ओढली जाणारी लोखंडी जीभ. स्टेशन आलं की रेडिओच्या पोटात एका जागी विजेचा दाब बदलतो. तो बदल एका जादा व्हॉल्व्हनं मोठा केला आणि जिभेला दिला. स्टेशन नाही तोवर जीभ ओढलेली, मोटार चालू. स्टेशन आलं की जीभ सुटली, मोटार बंद. पायाखाली फळीवर घरातल्या घंटीचं बटण. ते दाबलं की काटा त्या स्टेशनावरून उठून पुढच्याकडे निघणार.

कागदावर हे इतकं सुंदर दिसलं, की मी बायकोला जेवणावरून उठवून ते दाखवलं. ती म्हणाली, "चांगलं हाय. आता चालू कराले तेवढं सांगा त्याले."

करायला गेलो गणपती आणि झाला मारुती. बटण दाबलं की काटा जेमतेम गव्हाएवढा सरकायचा आणि थांबायचा. पुन्हा दाबलं, पुन्हा गहू. दोन आठवडे मी रिलेची जीभ घासली, व्हॉल्व्ह बदलले, उस्तादांना अमरावतीला जाऊन विचारून आलो. शेवटी उमगलं. मोटारीच्या आत बारीक ठिणग्या उडतात. ठिणगी म्हणजेही एक प्रकारचं स्टेशनच, रेडिओ ती ऐकतो. म्हणजे मोटार सुरू झाली, की बिचारं यंत्र आपलाच खोकला ऐकून "आलं वाटतं कुणी" म्हणून थांबायचं. रॉकेलच्या डब्याचा पत्रा कापून मोटारीला घट्ट पेटी केली, तारांच्या तोंडाशी ठिणग्या गिळणारे लहान कंडेन्सर लावले, आणि एका सकाळी काटा निघाला तो थेट दिल्लीवर जाऊन उभा राहिला. मी बटण दाबलं. मद्रास. दाबलं. सिलोन. दाबलं. मुंबई. मी टेबलाभोवती चक्क नाचलो. समोरचा शिंपी सुई तोंडात धरून बघत होता.

हे सगळं होईपर्यंत तीन महिने गेले होते. पेटी जुन्या खोक्याची, काच एका तुटक्या तसबिरीची, पण यंत्र असं, की सगळ्या वऱ्हाडात दुसरं नसेल. हे मी तेव्हाही म्हणत होतो आणि आजही म्हणतो. ज्याला शंका असेल त्यानं वायपर घेऊन बसावं.

जिनाच्या सुट्टीच्या दिवशी ते सुकदेवभाऊंच्या खोलीवर बसवलं. खोली लहान, स्वच्छ, भिंतीवर बुद्धाची तसबीर आणि तिच्याखाली आमच्या यंत्राला जागा. सुकदेवभाऊंनी उजव्या पायाच्या अंगठ्यानं बटण दाबलं. काटा निघाला, थांबला, बातम्या लागल्या. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग पायाकडे पाहिलं.

"म्याच लावलं?"

"तुमीच लावलं."

त्या दिवशी आजूबाजूच्या खोल्यांतली माणसं दाराशी गोळा झाली आणि मी पुढारी असल्यासारखा सगळ्यांचे नमस्कार घेत सायकलवर बसलो.

दुसऱ्या दिवशी दुपारी शेवंताबाईंचा निरोप, यंत्र बिघडलं. जाऊन पाहतो, तर काटा पुन्हा गहू-गहू चालत होता आणि आवाज नुसता तडतड, कढईत मोहरी टाकल्यासारखा. मोटारीची पेटी पाहिली, ठीक. सुकदेवभाऊ म्हणाले, "सकाळी बरोबर चालला, मास्तर. ऊन चढलं अन् बिघडलं. काल तं दिवसभर काई झालं नाई. तडतड तं जुन्यातबी दुपारी राहे."

काल जिन बंद होता. म्हणजे खोट जिनात. मी तडक फाटकावर गेलो. जिनाचे फिटर रज्जाकभाई माझ्या ओळखीचे, त्यांचा रेडिओ मीच जिवंत ठेवला होता. त्यांना म्हणालो, तुमच्या विजेच्या मोटारी ठिणग्या मारतात, त्या बघा.

ते मला आत घेऊन गेले आणि कमरेवर हात ठेवून म्हणाले, "दाखवा मोटर. सारा जिन तेलाच्या इंजनवर चालते, मास्तर. इथं बत्ती सोडून बिजलीच नाई. बत्ती बी आता बंद हाय." मग बाकीच्या कामगारांना ऐकू जाईल असं म्हणाले, "नाचता येईना, अंगण वाकडं!"

मान खाली घालून परत आलो. पण तडतड तर होती. दुसऱ्या दिवशी बॅटरीवर चालणारा एक रेडिओ गळ्यात अडकवून मी भिंतीच्या कडेनं फिरलो. इंजिनाच्या बाजूला आवाज कमी, मधल्या मोठ्या दालनापाशी जास्त. तिथं तर वीज नाही. माझी अक्कल गुंग झाली. सुकदेवभाऊंच्या खोलीत डोकं धरून बसलो होतो, तेवढ्यात शेवंताबाई जेवणाच्या सुट्टीत आल्या. मी म्हणालो, मधल्या दालनात काय आहे?

"काय राह्यते? जिनं, अन् मोठा पट्टा. तोच तो, झपाटलेला."

"झपाटलेला म्हंजे?"

शेवंताबाई जरा संकोचल्या. "तुमी हासान. बाजूनं गेलं का तो पट्टा डोकश्याचे केस ओढते. पदर ओढते. म्हनून हंगाम सुरू झाला का आमी बाया त्याच्या खांबाले निंबू-मिर्ची बांधतो. सकाळी काई करत नाई तो. दुपारीच खवळते."

मी हसलो नाही. मी ताडकन उठलो.

इंजिनाची ताकद सगळ्या यंत्रांना पोचवायला चामड्याचे लांब पट्टे चाकांवरून धावतात. कोरड्या हवेत चामडं चाकावर घासून घासून त्याच्यावर वीज साठते. कंगव्यानं केस विंचरून तो कागदाच्या कपट्यांजवळ नेला की कपटे उडतात, तीच ही वीज. सकाळी हवेत ओल असते तोवर ती गळून जाते. ऊन चढलं की साठते आणि लोखंडाजवळ आली की ठिणगी होऊन उडी मारते. बायांना भूत बरोबर सापडलं होतं, नाव तेवढं चुकलं होतं.

उपाय सोपा होता. पट्ट्याजवळ, त्याला न टेकता, जमिनीशी जोडलेली पितळी फणी धरायची. साठलेली वीज फणीच्या टोकांतून गुपचूप जमिनीत उतरते. माझ्याकडे ग्रामोफोनच्या बोथट सुयांचा डबा होता. पितळेच्या पट्टीवर त्या ओळीनं डाग देऊन बसवल्या, झाली फणी.

पण जिनाच्या मॅनेजरसाहेबांनी हात झटकले. माणूस वाईट नव्हता, घाईत असायचा. "ऐन हंगामात एका रेडिओपायी मी जिन थांबवू? उद्या कुणी म्हणेल, इंजिनाच्या आवाजानं झोप येत नाही."

तेव्हा रज्जाकभाई मधे पडले. "साहब, दोन मिनिट. मास्तर, तुमी म्हन्ता तशी ठिणगी खरंच हाय का?"

"दारं लावा. दिसन."

भर दुपारी दालनाची पत्र्याची दारं ओढून घेतली. बत्त्या बंदच होत्या. आत अंधार झाला आणि डोळे सरावले, तसं पट्ट्याच्या चाकाशी निळं काहीतरी लपलप करताना दिसलं. रुईचे तंतू हवेत तरंगत होते आणि त्यांच्यात ती निळी जीभ. त्या हंगामात त्या दालनात रुईला तीनदा बारीक आग लागली होती. प्रत्येक वेळी कुणीतरी बिडी ओढली असेल म्हणून फाटकावर बायांच्या ओट्या तपासल्या जात, काडेपेटी सापडते का ते बघायला. शेवंताबाईंचीही तपासली होती. एकदाही सापडली नव्हती.

मॅनेजरसाहेबांनी स्वतः दार ढकलून उघडलं. मग म्हणाले, "काय लावायचं ते लावा. आत्ता लावा."

जिन थांबवून रज्जाकभाईंनी फणी खांबाला बांधली, मी तिची तार दालनाबाहेर लोखंडी नळाच्या तुकड्याला जोडली आणि नळ मीठ-कोळसा घालून जमिनीत ठोकला. अंतर किती ठेवायचं, हे मात्र जिन चालू करून ठरवायला हवं होतं. त्यासाठी भिंतीपलीकडे सुकदेवभाऊ बसले होते. दार उघडं, यंत्र चालू. रज्जाकभाई लांब काठीनं फणी अर्धं बोट पुढे सरकवायचे आणि सुकदेवभाऊ पलीकडून ओरडायचे. इंजिनाच्या घरघरीत त्यांचा आवाज ऐकू यावा म्हणून मधे फाटकावर एक बाई उभी केली होती, ती निरोप पुढे ओरडायची.

"अजून तडतडते!"

आणखी जरा पुढे.

"कमी झालं म्हन्ते!"

आणखी एक बोट.

मग ती बाई हसत हसत ओरडली, "गानं लागलं म्हन्ते व! थांबा म्हन्ते, हालवू नोका!"

दोन वर्षांनी सुकदेवभाऊंनी त्या जिनात काम केलं होतं, भिंतीपलीकडे बसून, आणि त्यांच्या शब्दावर अख्खा जिन थांबत होता आणि चालत होता. खांबाचं निंबू-मिरची बायांनी काढलं नाही. मीही आग्रह धरला नाही. फणी आणि निंबू शेजारी शेजारी राहिले. तो हंगाम संपेपर्यंत त्या दालनात आग लागली नाही आणि कुणाची ओटीही तपासली गेली नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी, जिन चालू असताना, मॅनेजरसाहेब स्वतः रज्जाकभाईंना घेऊन खोलीवर आले. "बघू तरी तुमचा रेडिओ." मी आधीच हजर होतो, अशी संधी कोण सोडतो? साहेबांना बाजेवर बसवलं. त्यांनीच शेवंताबाईंना कामावरून बोलावून घेतलं होतं, त्या चुलीशी चहा करत होत्या. सुकदेवभाऊ स्टुलावर, पुढ्यात फळी.

त्यांनी पाय टेकवला. काटा निघाला आणि दिल्लीवर उभा राहिला. साहेब पुढे वाकले. पुन्हा पाय. मद्रासवर कुणीतरी बाई गात होती, शब्द कळत नव्हते पण सूर स्वच्छ. पुन्हा पाय. सिलोन, आणि त्यावर त्या वेळी सगळ्यांच्या तोंडी असलेलं एक गाणं. मी साहेबांना मोटार, दोरी, रिले सगळं बोट दाखवून समजावत होतो. माझी छाती किती फुगली होती ते सांगत नाही. साहेबांची मान गाण्यावर डोलू लागली.

"वा! हेच राहू द्या आता," साहेब म्हणाले.

सुकदेवभाऊंनी डावा पाय उचलला आणि फळीवरचं दुसरं बटण दाबलं. गाणं मधेच तुटलं. मला वाटलं काहीतरी जळालं, मी धडपडून उठलो.

"बसा मास्तर. बिघडलं नाई. मी बंद केला." मग साहेबांकडे वळून म्हणाले, "साहेब, पयल्यांदा आले माह्या घरी. चाय घ्या, दोन गोष्टी बोलू. रेडिओ काय, मंग लावीन मी."

साहेबांनी निमूट बशी हातात घेतली. शेवंताबाई चुलीपाशी पाठमोऱ्या हसत होत्या.

ते लोक गेल्यावर मी विचारलं, "सुकदेवभाऊ, कोनतं स्टेशन पसंत पडलं?" मला माझ्या काट्याचं कौतुक ऐकायचं होतं.

"स्टेशनं सारे चांगले हायेत जी," ते म्हणाले. "पन हे बंद कराचं बटन लय झ्याक केलं तुमी. सकाळपासून तेच दाबून राहिलो. लावाचा अन् बंद कराचा. शूं चालू झालं का बंद. आता पाह्यजे तवा चूप."

ते बटण म्हणजे घंटीचं साधं बटण. त्याला मोटार लागत नाही, रिले लागत नाही, जादा व्हॉल्व्ह लागत नाही. सगळं काम संपल्यावर फळीवर जागा मोकळी दिसत होती, म्हणून बसवलेलं. पहिल्या दिवशी ती दोघं दुकानात बसली असताना, त्यांचा चहा पिऊन होईपर्यंत मी ते त्यांच्या जुन्या रेडिओला जोडून देऊ शकलो असतो.

यंत्राचा मला अभिमान आहे, मरेपर्यंत राहील. शेवंताबाई मला एका शब्दानं काही बोलल्या नाहीत, सुकदेवभाऊ तर नाहीच नाही. परतताना सायकलवर मीच मनाशी हिशेब करत आलो. तीन महिने मी दुकानात दिल्ली-मद्रास करत नाचत होतो, आणि ते तीन महिने रोज, नागपूरचं सकाळचं संपल्यापासून जिनाची सुट्टी होईपर्यंत, तो माणूस त्या खोलीत शूं ऐकत बसला होता.